आत्याचा माणूस आणि फ्रान्सचा राजा

आयर्लंडमधल्या स्लायगोच्या त्या घरात आम्ही तिघं राहायचो आणि इंग्रजी तीन प्रकारचं बोलायचो. बाबांचं हॉस्पिटलचं: हळू, स्वच्छ, वाक्याच्या शेवटी समोरच्याला धीर देणारं. आईचं पुण्याचं: व्याकरणात एक चूक सापडायची नाही आणि समोरच्याला एक शब्द कळायचा नाही. माझं मात्र अस्सल गावचं, शाळेच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून कमावलेलं. सातवी मराठी शाळेत करून आलेली मी दोन हिवाळ्यांत अशी काही बोलायला लागले की हॉस्पिटलातून घरी फोन केला तर बाबाच मला "डॉक्टरांचं घर का हे?" असं विचारायचे. मला त्याचा भयंकर गर्व होता. घरातली अधिकृत दुभाषी मी. शेजारच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सफरचंदाचा टार्ट आणून दिला आणि "प्रेसमध्ये ठेवा" म्हणाल्या, तेव्हा आईला वाटलं ही बाई टार्टला इस्त्री करायला सांगते आहे. इथे प्रेस म्हणजे कपाट, हे मी तिला समजावलं, तेही अशा थाटात की जणू कपाटाचा शोध मीच लावला होता. आता डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला माझ्या घरात मी मराठीत ओरडते आणि मुलं सगळं समजून-उमजून आयरिश हेल काढून इंग्रजीत उत्तरं देतात. ती आपसात काय बोलतात ते कळायला मलाच दुभाषी लागतो. तेव्हाच्या गर्वाची चांगली जिरलेली आहे, एवढं वाचकांनी समाधान मानून घ्यावं.

अशा घरात माझी आत्या आली. बाबांची थोरली बहीण, अक्का. वऱ्हाडातल्या आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मास्तरीण होती, नुकतीच रिटायर झालेली. तिच्या बॅगेत कपडे कमी आणि ज्वारीचं पीठ जास्त होतं. शिवाय वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, शेवयांसारखे सरगुंडे, आणि बाटलीवर बाटली तिखट, ज्याचा वास विमानतळावरच्या कुत्र्यालाही झेपला नसावा, कारण तो म्हणे दुसऱ्या रांगेत निघून गेला. दुसऱ्या दिवशीपासून सकाळी भाकरी थापल्याचा थप थप आवाज सुरू झाला. तव्यावर भाकरी फुगली की छताला लावलेला धुराचा अलार्म कर्कश किंचाळायचा. पहिल्या दिवशी आम्ही सगळे धावलो. आत्या जागची हलली नाही. वर बघून म्हणाली, "ही कोन वं? सासू हाय का?" त्या दिवसापासून त्या यंत्राचं नाव सासू पडलं. आईला हे इतकं आवडलं की नणंद-भावजयीत पंचवीस वर्षं असलेली सगळी औपचारिकता त्या एका शब्दात वितळली. "वन्सं, सासू बोंबलायच्या आत फोडणी आटपा हं," असं आई म्हणायची, आणि दोघी हसत सुटायच्या.

बाबांना आत्या बाल्या म्हणायची. हॉस्पिटलात ज्यांच्यामागून शिकाऊ डॉक्टरांची रांग चालायची, त्यांना घरी "बाल्या, मोजे उलटे घातले तू" असं ऐकावं लागे, आणि ते मुकाट्याने मोजे सुलटे करत.

पण आत्याला बाबांनी नुसतं पाहुणचाराला बोलावलं नव्हतं. माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. गावात त्यांना गुरुजी म्हणत. शिक्षक, वक्ते, दानशूर. कोणाच्याही मदतीला धावणारे. बाबा शाळेसाठी त्यांच्याच घरी राहिले, आणि भाऊजींचा विषय निघाला की बाबांचा आवाज देवघरात गेल्यासारखा व्हायचा. आता गावाने गुरुजींचं स्मारक करायचं ठरवलं होतं. समिती झाली होती. बाबा परदेशातले, म्हणून आपोआप मुख्य सल्लागार. आणि जागा? जागा म्हणजे गुरुजी जिथे राहिले तेच घर, एसटी स्टँडला लागून: दोन खोल्या, पुढे ओटा, मागे शेवग्याचं झाड. ते घर आत्याने स्वतःच्या पगारातून बांधलं होतं, तिच्याच नावावर होतं, आणि ती तिथे राहत होती. पण ही समितीला किरकोळ बाब वाटत होती. घर पाडायचं, स्मारक बांधायचं, आणि अक्का माझ्याकडे येऊन राहील, असं बाबांनी समितीला सांगूनही टाकलं होतं. आत्याला इथे आणलं ते सवय व्हावी म्हणून. ते रोज जेवताना विषय काढायचे. आत्या ताटातून मान वर न करता "पाहू ना" म्हणायची. बाबांच्या मते हा होकार होता. आईच्या मते बाबांना बायकांचं 'पाहू' कधीच कळलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं मत घेण्यात अर्थ नव्हता.

आणि मग बाबांना एक चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, सापडलं. गावाबाहेर एका जुन्या जमीनदाराची इस्टेट होती. त्या घराण्यात कधीकाळी एक फ्रेंच सून आली होती. तिकडच्या राज्यक्रांतीत जीव वाचवून पळालेली. तिने इथल्या चिखलात, गाईंच्या कुरणाच्या कडेला, आपल्या मारल्या गेलेल्या राजा-राणीच्या स्मरणार्थ एक चॅपेल बांधून घेतलं. पुढे ग्रीक देवळासारखे खांब, वर त्रिकोण, मागे घुमट, सगळं पांढऱ्या दगडाचं. तिच्या देशाने राजा-राणीची मुंडकी उडवली, त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे आमच्या गावचा एसटी स्टँड, त्याच्या शेजारी हाच घुमट आणि आत भाऊजींचा अर्धपुतळा उभा राहिला. आई म्हणाली, "छान. कबुतरांची सोय होईल." बाबा दुखावले. पण रविवारी सगळ्यांनी जायचं हे पक्कं झालं. अक्काने एकदा तो घुमट पाहिला की ती नाही म्हणूच शकणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

रविवारी आई डोकं दुखतं म्हणून घरी राहिली. आम्ही निघताना तिने आत्याला कडकडून मिठी मारली. ती तशी कधी मारत नसे. मी, आत्या आणि बाबा निघालो. आत्याने पातळावर बाबांचा रेनकोट, पायात लोकरी मोजे आणि त्यावर चपला घातल्या होत्या. मांडीवर तिखट पुऱ्यांचा डबा. बारीक पाऊस होता, म्हणजे इथल्या भाषेत हवा छान होती. चॅपेलची किल्ली सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ होते, मार्टिन नावाचे. आत्याने लगेच त्यांचे मार्टिनराव केले. बाबांनी त्यांना सगळा हेतू सांगितला: ही माझी बहीण, तिचे पती थोर गृहस्थ होते, त्यांचं असंच स्मारक करायचं आहे. मार्टिनरावांनी टोपी काढली, आत्यापुढे मान झुकवली आणि दार उघडलं.

दारात आत्याने चपला काढल्या. "बाल्या, बूट काढ," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "अक्का, इथे तशी पद्धत नसते." "पद्धत नसन. फरशी तर पाहा केवढी साफ हाय." बाबांनी बूट काढले. मी काढले. मार्टिनरावांनी आम्हा तिघांकडे पाहिलं, स्वतःच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं, आणि काही न बोलता वाकून नाड्या सोडायला लागले. त्यांच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो अंगठा त्या संगमरवरावर पाहून मला जे हसू फुटलं ते मी पुढे अर्धा तास खोकल्यात घालवलं.

आत दोन पुतळे होते, समोरासमोर. उजव्या हाताला राजा गुडघ्यावर बसलेला, आणि एक देवदूत त्याला मागून सावरतोय, ऑपरेशननंतर पहिल्यांदा पेशंटला उठवताना नर्स धरते तसा. डाव्या हाताला राणी, तीही गुडघ्यावर, केस मोकळे, एका क्रूस धरलेल्या बाईच्या पायाशी. घुमटाच्या मधल्या काचेतून राखाडी उजेड पडत होता. मी मोठ्या रुबाबात भाषांतर सुरू केलं. राजाला आधी मारलं, मग काही महिन्यांनी राणीला. इथे येऊन लोकांनी त्या पापाबद्दल क्षमा मागायची.

"कोनं केलं पाप?" आत्याने विचारलं.

"फ्रान्सनं."

"अन् गार फरशीवर उभं आपन. हे बरं हाय." मग ती राणीजवळ गेली आणि तिच्याकडे निरखून पाहत राहिली. "अवं पोट्टे, हिचे केस कोनंच विंचरले नाई. राजाचे पाहा कसे नीट बसवले. मेल्यावरबी त्याचेच."

बाबांना हा सूर पसंत नव्हता. ते "घुमटाची उंची बघ अक्का, प्रमाण बघ," म्हणत होते. आत्या "हो, उंच हाय" म्हणत होती. शेवटी ते खांबांचा घेर मोजायला बाहेर ओसरीत गेले. टेप विसरलं होतं. म्हणून स्लायगोचे एक नामांकित डॉक्टर ओल्या मोज्यांनी उभे राहून एकेका खांबाला मिठी मारत होते, आणि बोटं कुठवर पोचतात ते पुटपुटत होते. दार उघडंच होतं. मला ते आतून दिसत होते.

इथे मला जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आयर्लंडमध्ये 'युअर मॅन' म्हणजे तुझा माणूस नव्हे. म्हणजे तो गडी, तो अमका. पोस्टमन, पंतप्रधान, टीव्हीवर हवामान सांगणारा, कोणीही पुरुष युअर मॅन असू शकतो. हे मला मागच्या बाकावर कळलं होतं. पण आत्याचं इंग्रजी चौथ्याच प्रकारचं होतं, क्रमिक पुस्तकातलं. तिने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना फळ्यावर लिहून दिलं होतं: युअर म्हणजे तुझा, मॅन म्हणजे माणूस. आणि आमच्या वऱ्हाडात बाई 'माहा मानूस' म्हणाली की तो नवराच, दुसरा कोणी नाही.

मार्टिनराव राजाच्या पुतळ्यापाशी उभे होते. आत्याकडे वळून, अंगठ्याने राजाकडे खूण करत, ते सहज गप्पा मारल्यासारखं म्हणाले, "टेल मी, मिसेस, वॉज युअर मॅन एनी गुड ॲट ऑल?" म्हणजे, एवढा महाल बांधला याच्यासाठी, हा राजा मुळात काही लायकीचा होता का?

मी भाषांतराला तोंड उघडलं. आत्याने हात वर करून मला थांबवलं. प्रश्न तिला पूर्ण समजला होता. शब्दाला शब्द.

"माय मॅन?" ती म्हणाली. थोडी थांबली. वर्गात पाठ म्हणून दाखवावा तशी ताठ उभी राहिली. "नो. नॉट गुड."

मार्टिनरावांनी गंभीरपणे मान हलवली. इथल्या लोकांना राजेलोकांबद्दल असंच काहीसं वाटत आलेलं आहे.

"ही इज गिव्हिंग," आत्या म्हणाली. "ऑल डे गिव्हिंग. ही इज गिव्हिंग माय मशीन."

"आह, द मशीन!" मार्टिनरावांचे डोळे चमकले. त्यांनी हाताची कड मानेवर आपटली. "ट्वॉज द मशीन डिड फॉर हिम!" त्यांच्या मनात राजाचं मुंडकं उडवणारं गिलोटिन होतं.

"येस. मशीन," आत्या म्हणाली. तिला आनंद झाला होता. कोणीतरी समजून घेतंय असा. "ही इज गिव्हिंग माय मशीन. पीपल आर क्लॅपिंग. आय ॲम आल्सो क्लॅपिंग."

मार्टिनराव जरा गोंधळले. पण सभ्य गृहस्थ होते. "गॉड हेल्प अस," ते म्हणाले, आणि टोपी पुन्हा काढली.

बाहेर बाबा खांबाला धरूनच उभे होते, पण मोजत नव्हते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. तसेच आत आले. "अक्का," ते म्हणाले, "कुठलं मशीन?"

मग आत्या मराठीत बोलली. मोठ्याने नाही, रडूनही नाही. तिने शिलाईचं मशीन घेतलं होतं. शाळा सुटली की गल्लीतल्या बायकांची झंपरं शिवायची. तेवढा एक तास तिचा स्वतःचा होता, असं ती म्हणाली. एक दिवस शाळेतून आली तर मशीनची जागा रिकामी. संध्याकाळी महिला मंडळात समारंभ. गुरुजींनी ते मशीन मंडळाला दान दिलं होतं. भाषण झालं, हार पडला, आणि आत्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं. "मंग टाळ्या वाजवल्या म्या. सारेच वाजवून राह्यले होते." तसाच रेडिओ गेला. तिच्या आईकडून आलेली परात गेली. जेवणाच्या वेळी पंगत घेऊन यायचे आणि तिची भाकरी पाहुण्याला जायची, आणि पाहुणा सांगायचा, गुरुजींचं मन केवढं मोठं.

"पण भाऊजींनी मला शिकवलं," बाबा म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता.

"शिकवलं ना. मी कुठी नाई म्हनते? अन् तुह्या ताटात भाकर कोन टाकत जाय?"



"तू मले कधीच सांगितलं नाहीस," बाबा म्हणाले. वऱ्हाडी त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकली. 'मले' म्हणाले ते.

"तू कधी इचारलं? या मार्टिनरावानं इचारलं." ती त्यांच्याकडे वळली आणि अगदी आदराने म्हणाली, "थँक यू, सर." मग पुन्हा बाबांना, "मशीन त्यानं देल्ली, बाल्या. आता घर तू देऊन राह्यला. टाळ्या वाजवाले मी हाओच."

मार्टिनरावांनी मला हळूच विचारलं, बाई ठीक आहेत ना. "शी'ज ग्रँड," मी म्हणाले, म्हणजे एकदम ठीक. आत्याच्या त्या सगळ्या बोलण्याचं दुभाषी म्हणून मी केलेलं एवढं एकच भाषांतर. माझा नवरा म्हणतो, मी ही गोष्ट सांगते तेव्हा मार्टिनरावांच्या मोज्याचं भोक दर वेळी मोठं होतं, आता त्यातून अख्खा पाय बाहेर येतो. असेल. पण आत्याची वाक्यं मी एका शब्दानेही वाढवलेली नाहीत. ती वाढवताच येत नाहीत.

'युअर मॅन' म्हणजे काय ते मी तिला गाडीत समजावून सांगितलं. काचांवर वाफ धरली होती, डब्यातल्या तिखट पुऱ्यांचा वास भरला होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे तो राजाचं इचारत होता?"

"हो."

"मंग राजाबी तसाच असन," ती म्हणाली, आणि पुरी घेतली.

बाबा गाडी सुरू करत नव्हते. समोरच्या वायपरकडे पाहत होते. "मी समितीला शब्द दिलाय, अक्का."

"शब्द तुहा हाय. घर माहं हाय."

"त्यांनी भूमिपूजनाचं ठरवलंय."

"भूमी कोनाची?"

"आणि इथे तू... आमच्याबरोबर... तुला इथे बरं नाही वाटत का?"

"लय बरं वाटते. सासूबी चांगली हाय." मग डबा पुढे करत ती म्हणाली, "पाहुनी म्हून बरं वाटते, बाल्या. पाहुन्याले घर लागते परत जाले. खाय."

बाबांनी पुरी घेतली. बराच वेळ ती नुसती हातात धरली होती. मग खाल्ली, मग आणखी एक, आणि मग गाडी सुरू केली.  घरी आईने दार उघडलं आणि तिघांच्या तोंडांकडे पाहून डोकं कसं आहे ते सांगायचंही विसरली.

दुसऱ्या दिवशी बाबा लवकर ड्यूटीवर गेले नाहीत. स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फोनसमोर ते कोट घालून उभे राहिले. स्वस्तात भारताला फोन लावायचं कार्ड मिळायचं त्या काळी, खरवडून नंबर काढायचा. लाइन अशी लागायची की आपण समुद्राच्या तळाशी बसून बोलतोय. आत्या भाकरी थापत होती. आई उगाचच एकच कप पुसत होती. मी शाळेचं दप्तर खांद्याला लावून दारात थांबले होते. बस सुटली तर सुटली.

समितीचे अध्यक्ष बाबांचे वर्गमित्र. त्यांचा आवाज फोनबाहेर आमच्यापर्यंत येत होता. मंडप, मंत्री, पत्रिका, आणि जागा केव्हा रिकामी करून देता.

"जागा रिकामी नाही," बाबा म्हणाले.

पलीकडे खरखर. "काय? ऐकू येत नाही! जागा रिकामी कधी करता?"

माझे बाबा कधी ओरडत नसत. हॉस्पिटलात ते वाईट बातमीसुद्धा इतक्या हळू सांगायचे की लोकांना पुढे वाकावं लागे. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"रिकामी नाही! तिथं माझी बहीण राहते!"

"कोन? कोन राहते?"

"बहीण! माझी बहीण! अक्का! तिचं घर आहे ते!" त्यांची मान लाल झाली होती. "पुतळा कुठंही बसवा! शाळेत बसवा! तिथं अक्का राहते!"

तव्यावरची भाकरी करपली, छतावरचा अलार्म किंचाळायला लागला, आईने खिडकी उघडली, आणि त्या गोंधळात कार्डावरची मिनिटं संपून फोन बंद पडला. बाबा कानाला लावलेला फोन खाली घेऊन त्याच्याकडे बघत राहिले.

आत्याचे दोन्ही हात पिठाने भरले होते. तिने वळून पाहिलं नाही.

"बाल्या," ती म्हणाली, "सांग अजून एक डाव. त्याईले ऐकू नसन गेलं."

बाबांनी मुका फोन पुन्हा कानाला लावला.

"तिथं माझी बहीण राहते," ते म्हणाले.